लॉ स्कूलच्या आधी ग्रॅड कोर्स घ्यायचा का

अमेरिकेत जुनिअर इयरला, म्हणजे बॅचलर्सच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी कंपॅरेटिव्ह कॉन्स्टिट्यूशनचा (वेगवेगळ्या देशांच्या राज्यघटनांची तुलना) एक ग्रॅड सेमिनार, म्हणजे मास्टर्स-पीएचडीवाल्यांचा छोटा वर्ग, घेतला होता, तेव्हा अ‍ॅडव्हायजर म्हणाले होते की घे, लॉ स्कूलवाले खूश होतात. आता अ‍ॅप्लिकेशन्स गेलेत, तर सांगते, नुसतं तेवढ्यासाठी घेऊ नका.

एक गोष्ट मला उशिरा कळली. लॉ स्कूलला जो जीपीए (ग्रेड्सची सरासरी) जातो तो कॉलेजचा नसतो, एलसॅक, म्हणजे लॉ स्कूलचे अर्ज हाताळणारी संस्था, स्वतः वेगळा काढते, आणि पहिली बॅचलर्स मिळण्याआधीचं जवळपास सगळं त्यात धरते, अगदी हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेले क्लाससुद्धा. ए प्लसला 4.33 आणि बी प्लसला 3.33. नंतर मास्टर्स करून कितीही चांगले ग्रेड आणले तरी हा आकडा हलत नाही. मला सेमिनारला बी प्लस मिळाला, तो माझ्या अंडरग्रॅड ट्रान्सक्रिप्टवरच आहे त्यामुळे जीपीए थोडा खाली आला, आणि तेव्हा खरंच रडले होते मी.

पण तरी मला तो कोर्स घेतल्याचं वाईट वाटत नाही. टेबलाभोवती आम्ही नऊ जण, त्यात अंडरग्रॅड मी एकटी, पहिले तीन आठवडे तोंडच उघडलं नाही. मग केशवानंद भारती खटल्याचा आठवडा आला, 1973 चा, 13 न्यायाधीश, निकाल 7 विरुद्ध 6, आणि सगळे विचारायला लागले की संसदेने रीतसर केलेली घटनादुरुस्ती कोर्ट रद्द कशी काय करू शकतं, तर मी बोलायला लागले ते थांबेचना, वकील पालखीवालांचा युक्तिवाद, मूलभूत चौकट (घटनेचा जो गाभा संसदेला बदलता येत नाही तो), सगळं. घरी बाबांकडून इतक्यांदा ऐकलेलं ना!

प्रोफेसरांनी माझा पेपर परत दिला तेव्हा पान चारच्या कडेला पेन्सिलने लिहिलं होतं, "हे कोर्टाचं मत आहे, तुझं कुठंय?" तो पेपर मी तीनदा लिहिला, दर वेळी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसायचे. रेकमेंडेशन लेटर मागायला गेले तर त्यांना मी कशी विचार करते ते माहीत होतं, दोनशे जणांच्या लेक्चरमधल्या सरांना माझं नावही माहीत नव्हतं.

म्हणून विषयाची खरी ओढ असेल तर घ्या, पण आधी सिलॅबस मागवा आणि त्या सेमला बाकीचं हलकं ठेवा. मी त्याच सेमला एलसॅटची, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत होते, ते मात्र करू नका.