इंदूर ते पुणे: सव्वा तासाचं विमान, पाच तासांचा प्रवास

आईचे गुडघे रात्रभराच्या बसला आता साथ देत नाहीत. मामेबहिणीचं लग्न पुण्यात होतं, म्हणून यंदा विमानानं गेलो. इंदूरच्या रामबागेतले आमचे शेजारी तेव्हापासून एकच विचारतात, किती वेळ लागतो?

हवाई अंतर सुमारे 500 किलोमीटर. मुंबईही इंदूरहून जवळपास तितकीच लांब आहे, त्यामुळे विमानात बसायचा वेळ दोन्हीकडे सारखाच, सव्वा तासाच्या आसपास. रेल्वेचं गणित वेगळं. मुंबईची अवंतिका एक्सप्रेस उज्जैन, रतलाम, बडोदा, सुरत असा वळसा घेते, म्हणून रुळांवर तेच अंतर 830 किलोमीटरच्या घरात जातं आणि रात्र गाडीतच जाते. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रानं 2024 मध्ये मंजुरी दिली आहे. तो लवकर व्हावा असं मला मनापासून वाटतं, कारण विमानाचं तिकीट प्रत्येक घराला परवडत नाही.

वेळ मात्र घरापासून मोजा. विमानतळ शहरापासून आठेक किलोमीटरवर, बिजासन टेकडीजवळ. सकाळी रस्ता मोकळा असतो. संध्याकाळी राजवाडा, बडा गणपती या बाजूनं जाणार असाल तर जादा अर्धा तास हाताशी ठेवा. सामान द्यायचा काउंटर बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या तासभर आधी बंद करतात, त्यामुळे दोन तास आधी पोहोचलेलं बरं. पुण्यात लोहगाव विमानतळावर सामान घेऊन कोथरूडला पोहोचायला आम्हाला दीड तास लागला. घर ते घर पाच तास धरून चला.

सोबत वयस्कर माणूस असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. आईला दारापासून थेट विमानापर्यंत नेलं, सुरक्षा तपासणीच्या रांगेतही ताटकळावं लागलं नाही. माझ्या मते एवढ्यासाठीच विमानाचे जास्तीचे पैसे द्यावेत.

लग्नाच्या सामानात ओटीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या असतील तर त्या घरीच ठेवा. सुकं खोबरं पेट घेणारं मानतात, त्यामुळे ते सामानातून काढायला लावतात. पुण्यात कुठल्याही वाण्याकडे मिळतंच. पॉवर बँक हातातल्याच पिशवीत हवी. शेव-नमकीन खुशाल न्या, पण लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत नीट बांधून द्या.

सकाळचं विमान असेल तर उजवीकडची खिडकी मागा. विमान दक्षिणेकडे जातं, ऊन डावीकडून येतं. इंदूर-पुणे सरळ रेषा नकाशावर आखली तर ती महेश्वरजवळ नर्मदा ओलांडते. आकाश निरभ्र असेल तर उड्डाणानंतर थोड्याच वेळात नदीचा रुंद पट्टा दिसतो, पुढे सातपुडा, मग तापी. आईनं नर्मदेला खिडकीतूनच हात जोडले.

लोहगाव हे हवाई दलाचंही ठाणं आहे, तिथे उतरल्यावर फोटो काढू नका. टॅक्सी ॲपवरून मागवणार असाल तर सामान हातात आल्यावरच मागवा.