उंबरा न चढता माणसं कशी कळतात? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत असो की गड्ड्याच्या यात्रेत, सोलापुरात कुणी ना कुणी मला हे विचारतंच : "मॅडम, एकाही घराचा उंबरा न चढता तुम्हाला आमची माणसं कळतात कशी?" कोण कधी, कुठून फोन करतं, काय संदेश पाठवतं, याच्या नोंदींवरून लोकांच्या जगण्याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. पण आजवर मी "फोनच्या नोंदींवरून कळतं" एवढंच म्हणून विषय बदलत आले. आता एकदाचं सांगून टाकते.

आधी माझी बाजू. उंबरा चढला की खरं कळतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी पूर्वी वही घेऊन दारोदार फिरलेली बाई आहे. सुनेला विचारावं तर उत्तर सासू देते. कमाई विचारली की माणूस आधी माझ्या चपला बघतो आणि मग आकडा ठरवतो. शिवाय कुठल्या घरांत जायचं ते ठरवायला जनगणना लागते, आणि आपल्या हातात आहे ती 2011 ची. तेव्हा शहर साडेनऊ लाखांचं होतं. 2021 ची झालीच नाही. मधल्या काळात शहराजवळ कुंभारीला रे नगर ही कामगारांची वसाहत उभी राहिली, जानेवारी 2024 मध्ये तिथल्या 15 हजार घरांचं लोकार्पण झालं. जुन्या यादीत यातलं एकही घर सापडायचं नाही. मग सांगा, आंधळं कोण, माझ्या नोंदी की ही यादी?

आणि फोनच्या नोंदींवरून काहीच कळत नाही, असंही नाही. रवांडामध्ये काही संशोधकांनी 856 मोबाइलधारकांना फोन करून घरात काय काय आहे ते विचारलं, त्यांच्या परवानगीने ती उत्तरं त्यांच्या कॉलच्या नोंदींशी जोडली आणि त्यावरून 15 लाख ग्राहकांच्या सांपत्तिक स्थितीचा अंदाज बांधला. 2015 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. प्रत्यक्ष पाहणीशी ताडून बघितलं तर जिल्हावार चित्र बरंच जुळत होतं. माझ्या व्याख्यानांत मी 15 लाखांचा आकडा मोठ्याने सांगायची. हल्ली 856 वर जास्त बोलते. ते विचारणं झालं नसतं, तर उरलेल्या नोंदींचा अर्थ लावायचा कशावरून?

आता ती बैठक. तिच्याबद्दल मी सहसा बोलत नाही.

एका संस्थेला विडी कामगार बायकांसाठी तपासणी शिबिरं घ्यायची होती. त्यांच्या मदत क्रमांकावर व्हॉट्सॲपने आलेल्या तक्रारी त्यांनी नावं, नंबर काढून माझ्याकडे दिल्या. दम लागणं, पाठ, डोळे, कुठल्या भागातून किती, असा नकाशा मी केला. सोलापूरच्या पूर्वभागात घराघरात विडी वळली जाते, आणि नकाशात नेमका तोच भाग जवळजवळ कोरा! कारण मला दिसत होतं. तिथल्या बायका टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. ते व्हॉइस मेसेज माझ्या प्रोग्रामच्या मोजणीत येत नव्हते. लिहिलेले जे थोडे होते ते तेलुगूत, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणून ते 'इतर'मध्ये जाऊन पडले होते. मी नकाशाखाली ठळक लिहिलं : "हा संदेश पाठवणाऱ्यांचा नकाशा आहे, आजाऱ्यांचा नाही. पूर्वभागात प्रत्यक्ष जाऊन विचारावं."

छापील अहवालात नकाशा होता, ती ओळ नव्हती. शिबिरं ठरली ती पूर्वभाग सोडून, जुळे सोलापूर आणि होटगी रस्त्याला.

बैठकीला युनियनकडून एक आजी आल्या होत्या. बोटांची टोकं तंबाखूने तपकिरी, अंगठ्याचं नख झिजून अर्धं. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "पोरी, आमच्या गल्लीत कुणाला दमा नाही म्हणतीस होय?"

मी नकाशाखालच्या त्या टिपेचं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं.

"फोन पोराचा हाय. पोरगं लूमवर रातपाळीला. मला दम लागतो रातीला, तवा फोन लूमवर असतो."

संस्थेच्या चालकांपैकी एक जण हसून म्हणाले, "मॅडम, टीप कोण वाचतंय? लोक रंग बघतात." आजींनी त्यांच्याकडे न बघता मलाच विचारलं, "मग शिबिर आमच्याकडं कधी?" तो निर्णय माझ्या हातात नव्हता. नव्हताच, हे आजही सांगते. पण नकाशावर नाव माझं होतं, आणि त्या प्रश्न मला विचारत होत्या.

पीएचडी करत असतानाची मी आजींना काय म्हणाली असती ते मला पाठ आहे : नोंदी कमी पडतात, वाढवा, म्हणजे असले खड्डे भरून निघतील. तिला मी 1936 ची अमेरिका दाखवते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांवरून पत्ते काढून एक कोटीच्या आसपास मतपत्रिका पाठवल्या, वीसेक लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. मंदीच्या दिवसांत ज्यांच्या घरी फोन नव्हता, ते त्या ढिगात नव्हते.

यावर ती मला गप्प बसू देत नाही. म्हणते, ते 1936 होतं, आता फोन पूर्वभागातही पोचलाय. खरंय, त्या आजींकडेही आता स्वतःचा फोन आहे, नातवाने घेऊन दिलेला. पण रिचार्ज संपला की पुढचा होईपर्यंत तो बंद असतो, आणि कंपनीच्या नोंदीत तेवढे दिवस आजी कुठेच नसतात. त्यावर ती म्हणते, मग तो बंद पडण्याचा काळच मोज की, हातात पैसा कधी नसतो ते त्यातून कळेल. हे मात्र मला खोडून काढता आलेलं नाही. सध्या तेच मोजायच्या तयारीत आहे, आणि या वेळी टीप नकाशाखाली न लिहिता कोऱ्या भागावरच छापायची, अशी अट घातली आहे. संस्थेला ती मान्य नाही. नकाशा घाण दिसतो म्हणतात.