तुम्ही विचारलंत म्हणून: पोहता येतं, मग जॅकेट कशाला?

धक्क्यावर फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांपासून आमच्या वाडीतल्या पोरांपर्यंत सगळे मला एकच विचारतात: तुम्ही तर इथलेच, पोहता येतं, मग होडीत लाइफ जॅकेट कशाला? पाहुणे आदरानं विचारतात. वाडीतले म्हणतात, "काय रे, किल्लो बघूक चललंस काय?" मालवणात नारिंगी जॅकेट म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्यावर निघालेला टुरिस्ट. मच्छीमाराच्या अंगावर ते दिसलं की हसू येणारच. मलाही यायचं.

आजवर मी हे हसण्यावारी नेलं. आता एकदा लिहूनच टाकतो.

चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली पहाट. मी आणि धाकटा भाऊ जाळं ओढून सर्जेकोटला परतत होतो. मतलई वारा सुटला होता, पण समुद्र काही वाईट नव्हता. दक्षिणेला निवतीच्या दिव्याचा झोत फिरत होता. भाऊ नाळीकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून जाळ्यातले बांगडे सोडवत होता, मी मागे इंजिनावर. पंख्यात दोरीचा तुकडा अडकल्यासारखा आवाज आला म्हणून हँडल सोडून वाकलो आणि तेवढ्यात होडीनं झोल खाल्ला. पडलो असं वाटलंच नाही. होडी पायाखालून निघून गेली, एवढंच.

वर आलो तेव्हा तिचा दिवा लांब गेला होता. ताशी ११ किलोमीटर हा काही मोठा वेग नाही, पण त्या वेगानंही होडी मिनिटाला १८० मीटर जाते. ओरडलो. आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या, आवाजात भावाला काय ऐकू जाणार! पोहणं म्हणाल तर पाचव्या वर्षापासून येतं. पण त्या दिवशी पोहून जायचं कुठे होतं? नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवायचं आणि वाट बघायची, इतकंच काम. तेच जमेना. रबरी पॅन्टीत पाणी भरलेलं, वारा समोरून, दर दोन-तीन सेकंदांनी तोंडावर खाऱ्या पाण्याची चापट. श्वास घ्यायचा की ओरडायचं, हे दर वेळी ठरवावं लागत होतं. दोन्ही एकदम होत नाही.

होडी आपसूक वळायला लागली तेव्हा कुठे भावानं मागे बघितलं. नंतर आम्ही जीपीएसवर त्या पहाटेची रेघ पाहिली. सरळ जाते जाते, मग एक बाक घेते, आणि तिथून उलटी, दारू प्यायल्यासारखी नागमोडी. तेवढ्या तुकड्याला ११ मिनिटं. त्यानं पेट्रोलचा रिकामा कॅन फेकला, तो मी पोटाशी धरला आणि वाचलो. लाइफ जॅकेटं होडीत होती की! चार होती. नाळीत, बर्फाच्या पेटीखाली, प्लास्टिकच्या पिशवीसकट. तपासणीला दाखवायची म्हणून घेतलेली.

तेव्हा भावानं कॅनऐवजी जॅकेट फेकलं असतं तर? हे डोक्यातून जाईना, म्हणून पुढच्या आठवड्यात कोळंबच्या खाडीत गळाभर पाण्यात उतरून घालून बघितलं. पाणी संथ, उजेड लख्ख, भाऊ दहा हातांवर हसत उभा. एक हात घातला की दुसरी बाजू डोक्यावर येते. तरंगणारी वस्तू खाली दाबायची आणि त्याच वेळी आपण वर राहायचं. बकल लावायला दोन्ही हात लागतात आणि हात तर वल्ह्यासारखे चाललेले असतात. लागलं एकदाचं, पण मी दमून गेलो होतो. लाटेत, काळोखात, रबरी पॅन्ट घालून हे होणार नाही. म्हणजे होडीत असलेलं जॅकेट आणि अंगावर असलेलं जॅकेट या दोन वेगळ्याच वस्तू आहेत.

मग प्रश्न उरला तो घालायचं कुठलं, हा. टुरिस्ट बोटीतलं ते फोमच्या जाड ठोकळ्यांचं जॅकेट घालून जाळं ओढून बघा. छाती आणि काठ यांच्यात उशी धरल्यासारखं होतं, कोपर मागे जात नाही, घामानं जीव नकोसा होतो. अर्ध्या तासात ते नाळीत जाऊन पडतं, आणि ज्यानं काढलं त्याला मी दोष देणार नाही. शिवाय लोंबणारे पट्टे. सुटत्या जाळ्यात बकल अडकलं तर जाळं माणसालाच घेऊन जाईल, ही जुन्या लोकांची भीती अजिबात खोटी नाही. म्हणून जॅकेट पुढून चेनचं, पट्ट्यांची टोकं आत खोचलेली, आणि हाताला लागेल अशी एक बोथट टोकाची सुरी.

चिठ्ठीवरचा आकडा बघून घ्या. ५०, १००, १५० असे आकडे असतात, ते न्यूटनमध्ये. दहानं भागा, साधारण तेवढे किलो ते उचलून धरतं. पाण्यात माणसाचं वजन जवळपास उरत नाही, डोकं बाहेर राहायला बहुतेकांना चार-पाच किलो पुरतात. जाळ्याच्या वरच्या दोरीची तरंगणारी भेंडं बघा ना, एवढीएवढीशी, पण सगळं जाळं उभं धरतात. मात्र ५० वालं शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी आहे. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्याला उताणं करून तोंड वर ठेवायचं, तर १०० किंवा १५० हवं.

मी शेवटी फुगणारं घेतलं. गळ्यात उपरणं टाकल्यासारखं बसतं, हात मोकळे. पाण्यात पडलं की आतली गोळी विरघळते, सुई सुटते, बाटलीतला गॅस भरतो. महाग आहे, आणि त्याचे लाडही करावे लागतात. पहिल्याच वर्षी गणपतीत, पडवीत टांगलेलं असताना, पावसाळी दमटपणानं ती गोळी विरघळली आणि ऐन आरतीत जॅकेट फट्ट करून फुगलं. आई दचकून देवघरापासून दोन पावलं मागे सरली. नवी गोळी आणि बाटली मुंबईहून मागवावी लागली. पाण्याच्या दाबावर सुटणारी जातही मिळते, ती अशी उगाच फुगत नाही, पण किंमत आणखी वर. बाटलीवर तिचं भरलेलं वजन कोरलेलं असतं. गॅस गळला की ते घटतं. दोन-चार ग्रॅमचा फरक आमच्या मासळीच्या काट्यावर काय कळणार? म्हणून दर नारळी पौर्णिमेच्या आधी मी बाटल्या सोनाराकडे नेतो. तो निमूट वजन करून देतो, पैसे घेत नाही, मजुरी म्हणून बांगडे घेतो.

आणि हे जॅकेट रेनकोटच्या आत कधी घालू नका. फुगायला जागा मिळाली नाही तर छातीच आवळतं.

फोमचं घेणार असाल तर घालून सगळे पट्टे आवळा आणि कुणाला तरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. कानांपर्यंत आलं तर ते तुमचं नाही. पाण्यात तसंच वर येईल आणि तुम्ही आतून निसटाल. जांघेतून घ्यायचा पट्टा असेल तर तो लावा, लाजू नका. शिट्टी हवीच. ओरडून काय होतं ते वर लिहिलंय.

रोज आठवणीनं घालायचं कसं, हे कुणी विचारत नाही. पण खरा घोळ तिथेच आहे. शांत समुद्र, जवळची फेरी, घाई. आम्ही आठवणीवर सोडलंच नाही. आउटबोर्डला एक लाल दोरी असते. तिची पकड जागेवर नसेल तर इंजिन सुरू होत नाही, आणि ती खेचली गेली तर बंद पडतं. ती दोरी मी जॅकेटला कायमची अडकवून टाकली. जॅकेट धक्क्यावर विसरलं तर होडी चालूच होत नाही. पडलो तर होडी मला सोडून जात नाही. बारकीशी दोरी, ती पहिल्या दिवसापासून इंजिनाला लटकत होती, आणि आम्ही तिच्यावर हातपुसणी वाळवत होतो!

"जावचो आसा तो जातलोच," असं बाबा म्हणतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा कामगारांना राहायचा बार्ज बुडाला, त्यावर २६१ माणसं होती. नौदलानं त्यातली दीडशेहून जास्त जिवंत काढली, त्यात कित्येक जण जॅकेटवर तासन्‌तास लाटांत तरंगत राहिलेले. हे मी बाबांना वाचून दाखवलं. जॅकेट घालूनही काही गेले, ते त्यांनी बरोबर शोधून मला दाखवलं. दोन्ही खरं आहे.

बाबा ७४ वर्षांचे आहेत, अजून अधूनमधून येतात होडीत. त्यांच्यासाठी फोमचं चांगलं जॅकेट घेतलंय, चेनचं. ते त्याची घडी करून त्यावर बसतात. फळीपेक्षा बरं वाटतं म्हणे. बसून बसून फोम चेपतो, चेपलेला फोम नीट तरंगवत नाही, म्हणून दर वर्षी हंगाम सुरू व्हायच्या, म्हणजे १ ऑगस्टच्या, आत मी ते बदलतो. यंदाचं तिसरं.