गाडीतलं खोबरेल का गोठत नाही

शनिवारी सकाळी किल्ली फिरवली की बॉनेटखालून नुसतं टक् टक् टक्. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणायचे आणि सेल्फ काही घ्यायचा नाही. नोव्हेंबरच्या शेवटी हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी स्वतःलाच बोल लावला. गाडी लावताना आतला दिवा राहिला असेल चालू, दुसरं काय! आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर बरा उतार आहे. वॉचमन दादा आणि दूधवाला, दोघांनी मिळून ढकलली, मी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी चालू झाली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. दूधवाल्यानं किटली खाली ठेवताना माझ्याकडे असं बघितलं की त्याला चहा पाजावा लागला.

गाडी 2013 ची, पेट्रोल, आम्ही सेकंडहँड घेतलेली. मी कॉलेजला स्कूटरनं जाते, नवऱ्याला कंपनीची बस आहे. त्यामुळे गाडी हलते ती शनिवार-रविवारी. आईला डॉक्टरकडे न्यायचं, बाजार करायचा आणि महिन्यातून एकदा सप्तशृंगी गडावर जाऊन यायचं. नाशिकहून गड साठेक किलोमीटर, तेवढ्या फेरीत बॅटरी छान चार्ज होते. मग आठवडाभर नुसती उभी राहून उतरते कशी?

बॅटरीच्या दुकानातला मुलगा घरी आला. त्यानं टेस्टर लावला, लाल दिवा दाखवला, "बॅटरी गेली मॅडम." जुनी देऊन नवी बसवली, चार हजारांच्या वर गेले. आता कळतं की पूर्ण उतरलेल्या बॅटरीला टेस्टर लावला तर तो गेलीच सांगणार. आधी ती नीट चार्ज करायची आणि मग तपासायची. पण तेव्हा मी ओट्यावर कणीक भिजवत होते आणि पैसे देऊन मोकळी झाले. ती जुनी बॅटरी कदाचित आणखी दोन वर्षं चालली असती. जाऊ दे.

नवी बॅटरीही पुढच्या शनिवारी झोपली.

मग मेकॅनिक. त्यानं जंप देऊन गाडी चालू केली, अल्टरनेटरचं, म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरणाऱ्या जनित्राचं, चार्जिंग बघितलं, 14.2 व्होल्ट. म्हणजे चार्जिंग ठीक होतं. पुढे तो जे काही बोलला ते सगळं माझ्या नवऱ्याशी बोलला. नवऱ्याला प्लस कुठलं, मायनस कुठलं हे आजही विचारून घ्यावं लागतं, पण तो गंभीरपणे मान हलवत होता. निष्कर्ष दोन निघाले. एक, थंडी. दोन, उंदरांनी वायर खाल्ली असेल. उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या टांगायच्या आणि बॅटरीसाठी, "गाडी लावली की मायनस टर्मिनल काढून ठेवा."

तीन आठवडे मी ते केलं. रविवारी संध्याकाळी दहा नंबरचा पाना घेऊन मायनस काढायचं, शनिवारी लावायचं. (काढताना आधी मायनसच. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी कशी असते ते बघायला मिळेल.) बॅटरी उतरायची थांबली. म्हणजे बॅटरी चांगली आहे आणि गाडीच तिचं रक्त पिते आहे, एवढं सिद्ध झालं. पण दर शनिवारी घड्याळ बाराला यायचं आणि रेडिओची स्टेशनं पुसली जायची. आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. बावीस वर्षं मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. अमीटर एकसरीत, व्होल्टमीटर समांतर, हे मी किती बॅचना ओरडून सांगितलं त्याचा हिशेब नाही. आणि माझ्याच गाडीतून किती करंट गळतो ते कोणी मोजलंच नव्हतं. थंडी म्हणे! नाशिकच्या थंडीत बॅटरी जरा आळसावते हे खरं, पण उभ्या उभ्या मरत नाही. बॅटरीचं आयुष्य खातो तो आपला एप्रिल-मे.

जानेवारीतल्या एका शनिवारी बॅटरी लावली, गाडी फिरवून आणली आणि मुद्दाम टर्मिनल न काढता रात्रभर ठेवली. रविवारी सकाळी सातला स्वेटर घालून खाली गेले. हातात प्रयोगशाळेतून रीतसर नोंद करून आणलेले दोन मल्टीमीटर. आधी बॅटरीचा व्होल्टेज घेतला, 12.4. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6-12.7 दाखवते, म्हणजे एका रात्रीत खाली आली होती.

मग मायनसची केबल सोडवून केबल आणि बॅटरीच्या मधे मीटर घातला. आणि इथे बावीस वर्षांच्या अनुभवानं काय केलं, तर लाल वायर 200 मिलीअँपिअरच्या खाचेत ठेवली. जोडताक्षणी आतला फ्यूज गेला. मुलांच्या हातून असा फ्यूज गेला की आम्ही पन्नास रुपये दंड घेतो. सोमवारी मी तो भरला, पावती आहे.

दुसरा मीटर 10 अँपिअरच्या खाचेतून लावला. (मीटर असा मधे असताना कोणी किल्ली फिरवायची नाही, घरात सगळ्यांना ताकीद. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा कोळसा होईल.) आकडा उघडला 2.8 वर. घाबरले नाही, कारण बॅटरी जोडल्यावर गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक मंडळी दचकून जागी होतात. त्यांना परत झोपू द्यायचं. फ्यूजची पेटी ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी असल्यानं दार उघडं हवं, पण गाडीला ते बंद वाटलं पाहिजे. म्हणून दाराच्या चौकटीतलं रबरी बटण पॅकिंगच्या चिकटपट्टीनं दाबून ठेवलं आणि चहा पिऊन आले. वीस मिनिटांनी आकडा 0.46 वर स्थिर.

धडधाकट गाडी उभी असताना साधारण 0.05 अँपिअरच्या आत राहते. घड्याळ, रेडिओची आठवण, सेंट्रल लॉक, एवढाच तो खर्च. 0.46 म्हणजे दिवसाला 11 अँपिअर-अवर. माझी बॅटरी 35 अँपिअर-अवरची. तिसऱ्या दिवशी खेळ खल्लास. बुधवारीच मरत होती बिचारी, आम्हाला कळायचं शनिवारी.

आता कुठल्या वाटेनं जातंय? सगळे सांगतात, एकेक फ्यूज उपटत जा आणि आकडा कधी पडतो ते बघा. पण फ्यूज काढता-घालताना झोपलेलं काहीतरी पुन्हा जागं होतं आणि पुन्हा वीस मिनिटं थांबा. माझ्याकडच्या पहिल्या मीटरचा करंटचा फ्यूज गेला होता, पण मिलीव्होल्ट तो व्यवस्थित मोजत होता. फ्यूजच्या पाठीवर धातूची दोन बारीक टोकं उघडी असतात. फ्यूजलाही थोडा रोध असतो, त्यामुळे करंट वाहत असेल तर त्या दोन टोकांमध्ये अगदी किंचित व्होल्टेज मिळतो. ओहमचा नियम, दुसरं काही नाही. एकेका फ्यूजला टोकं टेकवत गेले. शून्य, शून्य, 0.1, शून्य, आणि 10 अँपिअरच्या एका लाल फ्यूजवर 3.1 मिलीव्होल्ट. मी एकटीच पार्किंगमध्ये "सापडला!" असं ओरडले. वॉचमन दादा धावत आले, त्यांना उंदीर वाटला.

तोच एक फ्यूज काढला, बॉनेटपाशी जाऊन बघितलं, 0.03. परत घातला, 0.46.

झाकणावर त्या फ्यूजचं नाव होतं आतले दिवे आणि ऑडिओ. ऑडिओचा सॉकेट मागून काढला, फरक नाही. मग बोनेटवर बसून गणित केलं. 0.43 गुणिले 12.4, साधारण 5.3 वॅट. हा आकडा शॉर्टचा वाटत नाही, उंदराचा तर नाहीच. हा पाच वॅटचा बल्ब आहे. छतावरचा दिवा तर बंद दिसत होता. उरला डिकीचा. मोबाइल व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला, डिकी लावली, पाच मिनिटांनी काढला. व्हिडिओत डिकी बंद होताच काळोख. म्हणजे तोही निर्दोष.

इथे मला तेलाची गोष्ट सांगायला हवी.

आईचे हातपाय थंडीत फुटतात म्हणून गाडीच्या समोरच्या कप्प्यात खोबरेलाची छोटी बाटली असते. डिसेंबरच्या सुरुवातीला गडावर निघालो त्या सकाळी तिनं ती उघडली तर तेल पाण्यासारखं पातळ. घरातलं, लाकडी घाण्यावरचं, दगड झालेलं आणि हे मात्र वाहतंय. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं, बाहेर दहाबारा असतील. छोटी बाटली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या तेलानं भरलेली. आईनं तिथल्या तिथे निकाल दिला, "भेसळ आहे." त्या दुकानातून सामान आणणं बंद झालं आणि शेजारच्या दोघी-तिघींनाही ही खबर पोचली.

तर त्या रविवारी मी बॉनेटवर बसलेली आणि आई गॅलरीतून, "वर येताना गाडीतली बाटली आण गं. भेसळीचं असलं तरी निदान ओतता तरी येतं!"

कप्पा उघडला. आतला दिवा लागलेला होता, पण तो उघडल्यावर लागतोच, त्यात काही विशेष नाही. बाटली हातात घेतली आणि ती कोमट लागली. बाहेर माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

नवऱ्याला मीटरपाशी उभं केलं. कप्पा उघडा, "पॉइंट फोर सिक्स." कप्पा बंद, "पॉइंट फोर सिक्स." उघडून आतलं पांढरं बटण बोटानं दाबून धरलं, "अगं, पॉइंट झिरो थ्री!" नोव्हेंबरमध्ये इन्शुरन्स भरल्यावर मीच सगळे कागद एका जाड फोल्डरमध्ये घालून त्या कप्प्यात कोंबले होते. झाकण बाहेरून बंद दिसायचं, पण फोल्डरनं फुगून बटणापासून दोन मिलीमीटर लांब राहायचं. बॅटरीत जीव असेपर्यंत तो दिवा आत बंद खोलीत तेलाला शेक देत बसायचा. टर्मिनल काढलेल्या आठवड्यांत तेल गोठलंही असेल, पण तेव्हा बाटली उघडून बघितली कोणी?

फोल्डर घरी कपाटात गेला. गाडी पुढे अकरा दिवस उभी ठेवली आणि अर्ध्या किल्लीत चालू झाली.

बाटली त्या रात्री ओट्यावर ठेवली. सकाळी आत पांढरा शुभ्र गोळा. आईनं ती उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली आणि काही न बोलता पिशवी घेऊन खाली गेली. परत आल्यावर मी विचारलं, दुकानदाराला सांगितलंस का?

"सांगायचं काय त्यात," ती म्हणाली, "दोन किलो शेंगदाणे जास्त घेतले."