केंदाळातल्या भोकातून मरळ

तळ्याच्या त्या टोकाला पाणी दिसतच नाही. जलपर्णीचा, म्हणजे आपल्या केंदाळाचा, थर इतका दाट की बगळे त्यावर चालतात. तिथे मरळ मासा धरायचा होता, पण मला मोकळ्या पाण्यात गळ टाकायची सवय. पहिल्या दिवशी तसाच लांब फेकला आणि दोन तासांत तीन गळ तोडून बसलो. फेकलेला गळ पानांवरच लोंबकळतो, ओढला की मुळांत रुततो.

मग ठरवलं, फेकायचं नाहीच. भोक पाडायचं आणि गळ सरळ खाली सोडायचा.

ही रोपं पाण्यावर आडव्या धावणाऱ्या फांद्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. एक ओढायला जावं तर आख्खा थर हलतो. लांब बांबूला विळा बांधून काठावरूनच चौकोन कापला. थरावर पाय मात्र ठेवला नाही. वरून ती जमीन वाटते, पण माणसाचं वजन ती पेलत नाही. कापलेल्या जुड्या आकडीने ओढून पाण्यापासून दूर टाकल्या, कारण पाण्यात राहिलेला तुकडाही पुन्हा वाढतो.

त्यातली एक जुडी उलटी करून पाहिली. फुगीर देठ, खाली पिसांसारखी काळपट मुळं, आणि त्या मुळांत बारीक झिंगे, गोगलगायी, वळवळणाऱ्या अळ्या. मासा इथे का राहतो हे मला तेव्हा समजलं. आमिषही तिथेच मिळालं.

पण एवढी आदळआपट करून लगेच गळ सोडला, तर मासा कशाला येतोय! संध्याकाळपर्यंत काहीच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो तर भोकच गायब. रात्री वारा फिरला होता आणि थर सरकून बसला होता. पुन्हा कापलं. या वेळी चार बांबूंची चौकट बांधली, ती पाण्यावर ठेवून दोन कोपऱ्यांत खुंट रोवले आणि सरळ घरी परतलो. एक दिवस तिथे फिरकलोच नाही.

त्यानंतरच्या पहाटे जाताना टाचासुद्धा जपून टेकवल्या. केंदाळाखाली उजेड पोचत नाही, त्यामुळे प्राणवायू मुळातच कमी. रात्रभर सगळ्यांचं श्वसन चालू असल्याने पहाटे तो आणखी घटतो. मरळीचं मात्र निव्वळ कल्ल्यांवर भागत नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेसाठी पोकळी असते, म्हणून तिला वर येऊन हवा गिळावीच लागते. दाट थरात ती मोकळी जागा शोधते, आणि माझं भोक आता तशी जागा झालं होतं.

जाड तंगूस, म्हणजे गळाची दोरी, काठीच्या टोकापासून जेमतेम दोन हात, गळाला झिंगा. बराच वेळ काही नाही. मग चौकटीजवळचे देठ वारा नसताना थरथरले. पाण्यात ‘फुप्प’ असा आवाज झाला आणि बुडबुडे उठले. मी झिंगा तिथे अलगद सोडला. काठीला जोरात हिसका बसला, मी बाजूला ओढलं आणि तिथेच चुकलो. मरळ मुळांत घुसली, गळ सुटला.

तासाभराने दुसरी लागली. या वेळी सैल सोडलंच नाही, काठी सरळ आभाळाकडे उचलली. पाण्याबाहेर आली तेव्हा हातभर लांब होती, सापासारखं चपटं डोकं, अंगावर काळे पट्टे.

काही दिवसांनी त्याच भोकात बारीक केशरी पिल्लांचा घोळका वर-खाली होताना दिसला. मरळीची जोडी पिल्लांची राखण करते आणि समोर आलेल्या कशावरही झडप घालते. अशा वेळी ती सहज लागते, पण तिच्यामागे तो घोळका टिकत नाही. मी तंगूस गुंडाळला. चौकट तशीच ठेवली.