टूलपाथ सरकला, क्लॅम्प जागेवरच राहिला

सीएनसी मशीनवर (संगणकाच्या सूचनांनुसार कापणारं यंत्र) झेड-अक्षाच्या, म्हणजे वर-खाली हालचालीच्या, मोटरची प्लेट कापून झाली एकदाची. दुसऱ्या प्रयत्नात. पहिली भंगाराच्या डब्यात आहे.

सुरुवात नेमा १७ (मोटरच्या मापाचं एक मानक) मोटर धरून केली होती: चार भोकं ३१ मिमी अंतरावर, मध्ये २२ मिमीचं बोअर (मोठं गोल भोक). सॉफ्टवेअरमध्ये सगळी ऑपरेशन्स (भोकं पाडणं, कड कापणं अशी कामं) लावून झाल्यावर मोटर कमी पडेल असं वाटलं, म्हणून नेमा २३ घेतली. स्केचमध्ये ३१ चे ४७.१४ केले, बोअर ३८.१ केलं, बाहेरचा चौकोन वाढवला. ऑटो-अपडेट (मॉडेल बदललं की टूलपाथही बदलणं) चालूच होतं. टूलपाथ, म्हणजे कापणाऱ्या टूलचे मार्ग, आपणहून नव्या जागी जाऊन बसले, कुठे लाल खूण नाही. खूश होऊन जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचनांची फाइल) काढला.

भोकं जागेवर पडली, पण ३.२ मिमीची. ड्रिलच्या ऑपरेशनने जागा मॉडेलमधून उचलली, टूल मात्र मी आधी निवडलेलंच ठेवलं. पाचचं ड्रिल हवं, हे त्याला कोण सांगणार? तो टूलपाथ त्याच्या लेखी बरोबरच होता.

हे पुन्हा पाचचं ड्रिल मारून निभावलं असतं. खरी वाट लागली ती बाहेरच्या कॉन्टूरला (कडेभोवतीच्या कापाला). चौकोन वाढल्यामुळे कडेची मोकळी जागा आटली आणि लीड-इनचा कंस (टूल कापात शिरतं तो वळणाचा मार्ग) थेट प्लेट धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पखाली आला. रिट्रॅक्ट (टूल उचलून नेण्याची उंची) स्टॉकच्या, म्हणजे कच्च्या तुकड्याच्या, ५ मिमी वर, क्लॅम्प १४ मिमी उंच. जी० मध्येच (न कापता वेगाने सरकताना) ६ मिमीची एंड मिल (कापणारं टूल) तुटली आणि प्लेट उडाली. सिम्युलेशन स्वच्छ दाखवत होतं, कारण मी क्लॅम्प मॉडेलमध्ये काढलेच नव्हते. (आळस. दुसरं काय.)

कोपऱ्यांचंही तसंच. आतला कोपरा ३.५ वरून २.५ त्रिज्येचा केलात तर ६ मिमीचं टूल त्यात शिरत नाही. टूलपाथ निमूट कोपरा सोडून देतो आणि तुम्हाला कळतं ते जोडणीच्या वेळी.

फेस (मॉडेलचे पृष्ठभाग) क्रमांकाने लक्षात ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक भानगड: एखादा चॅम्फर (तिरपी कड) वाढवला की क्रमांक सरकतात आणि पॉकेट (कोरायचा खळगा) भलत्याच फेसवर जाऊन बसतं. फ्रीकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरच्या १.० आवृत्तीत (नोव्हेंबर २०२४) हा त्रास बराच कमी केलाय, तरी निवड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आणि पेनड्राइव्हवरची फाइल कधीच आपोआप बदलत नाही! पडद्यावर नवा टूलपाथ, मशीनवर जुना जी-कोड, हेही एकदा करून झालंय.

सध्या ऑटो-अपडेट बंद. ऑपरेशन्स एकेक करून हाताने रिजनरेट (नव्याने तयार) करतो, मग जुन्या-नव्या जी-कोडमधला सर्वांत खालचा झेड आणि एक्स-वायच्या टोकाच्या किमती ताडून बघतो. क्लॅम्प साधे ठोकळे म्हणून मॉडेलमध्ये टाकलेत. दुसरी प्लेट यातूनच निघाली. बोअर ०.०५ मिमी सैल आहे, पण ती चूक माझ्या टूल ऑफसेटची (टूलच्या मापाच्या नोंदीची).