हतनूरच्या काठावर आधीच कुणी बसलं असेल तर

थंडी पडली की जळगाव जिल्ह्यात तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस), चक्रवाक, तलवार बदकं उतरतात आणि त्यांच्या मागोमाग लांब लेन्सवाले. जागा सरकारी, काठ सगळ्यांचा. कुणी कुणाला हटकू शकत नाही, म्हणूनच रीतभात पाळावी लागते.

गर्दी एकाच ठिकाणी का होते? उन्हामुळे. तापी इथे पश्चिमेकडे वाहते आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दक्षिण काठावर उभं राहिलं की ऊन पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर. समोरच्या काठावरून नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. त्यामुळे सगळे दक्षिणेला, त्यातही गाडी जिथवर जाते तिथेच. अर्धा किलोमीटर चालायची तयारी असेल तर बरीच गर्दी मागे पडते. तरीही दुसरी-तिसरी जागा मनात ठरवूनच निघावं. पहिली जागा भरलेली दिसली की बरेच जण तिथेच घुसतात, कारण दुसरीचा विचारच केलेला नसतो.

आधी कुणी बसलेलं असेल तर थव्याकडे नंतर बघा, त्या माणसाची लेन्स कुठे रोखलीय ते आधी बघा. त्याच्या पाठीमागून या, हळू आवाजात विचारा, आणि त्याच्याच ओळीत दहा-बारा पावलं सोडून बसा. त्याच्या पुढे नाही, आणि थव्याच्या दुसऱ्या बाजूला तर मुळीच नाही. एका बाजूने माणूस आला तर बदकं पोहत आत सरकतात, आणि माणूस स्थिर बसला की बहुतेकदा हळूहळू काठाशी परततात. दोन्ही बाजूंनी माणसं आली की सरकायला जागाच उरत नाही. थवा उठतो आणि सकाळ सगळ्यांचीच जाते.

थवा उठणार हे आधी कळतं. पट्टकादंब काठावरच्या हरभऱ्यात चरत असतात तेव्हा बहुतेक माना खाली आणि दोन-चार पहारेकऱ्यांच्या वर. वर असलेल्या माना वाढायला लागल्या की जागीच थांबा. सगळ्या माना वर आणि चोची एकाच दिशेला झाल्या तर आणखी एक पाऊल म्हणजे उड्डाण. अशा वेळी झटकन मागे वळू नका. खाली बसा आणि माना पुन्हा खाली जाईपर्यंत हलू नका. पांढरा शर्ट घरीच ठेवा. ड्रोन तर आणूच नका.

तो हरभरा कुणाच्या तरी गाळपेरीचा, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेला असतो, हेही लेन्समधून दिसत नाही. केळीच्या बागेतून जाताना ठिबकच्या नळ्यांवर गाडी घालू नये, आणि शिवरस्त्यावर केळीचा ट्रक वळेल एवढी जागा सोडावी. ‘भाऊ, गाडी इथे लावली तर ट्रक वळेल ना?’ एवढं विचारलं की पुढचे निम्मे वाद होतच नाहीत. मासेमारांच्या जाळ्यांच्या खुणा पाण्यात दिसतात, त्यांच्यावरून होडी नेऊ नका. होडीवाल्याला थव्यात घालायला सांगू नका, तो पैशांसाठी घालेलही.

सातपुड्यातला रानपिंगळा हे वेगळंच प्रकरण. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. दिवसा बाहेर बसणारा पिंगळा, त्यामुळे फोटोवाल्यांची झुंबड ठरलेली. फोनवर त्याचा आवाज वाजवला की हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो शिकार आणि घरटं सोडून भांडायला येतो. दिवसभरात चार गट आले तर चार वेळा. वर गंमत अशी की दोन गटांनी आवाज वाजवला की ते एकमेकांच्या स्पीकरचा माग काढत बसतात. स्पीकर बॅगेतच ठेवा. अभयारण्यात प्रवेशाचा परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘शिकार’ या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्या-घरट्यांना त्रास देणंही येतं. कॅमेरा हातात असला तरी.

मार्चनंतर पाणी उतरलं की वाळूच्या बेटांवर नदी सुरय आणि आर्ली हे पक्षी अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. पायाखाली गेल्यावरच दिसतात. पक्षी डोक्यावर ओरडत झेपावू लागला म्हणजे तुम्ही घरट्याजवळ आहात. खानदेशच्या उन्हात आई-बाप अंड्यांवर सावली धरून बसतात, ते हवेत असेपर्यंत अंडी तापत राहतात. पुढे वाट शोधू नका, आल्या पावलांच्या ठशांवरूनच परत फिरा. आणि ग्रुपवर लोकेशन टाकू नका, तालुक्याचं नाव पुरे. फोटो पाठवण्याआधी त्यातली जीपीएसची माहितीही काढून टाका, नाहीतर पुढच्या रविवारी त्याच बेटावर दहा जण उतरतील.